डावा पाय मागे

कौसल्या ड्युटीवर असताना कधी फोन करत नसे. वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये हजेरी झाली की बायकांचे फोन प्लास्टिकच्या एका ट्रेमध्ये जमा व्हायचे आणि जेवणाच्या सुट्टीतच परत मिळायचे. म्हणून सोमवारी सकाळी सव्वाआठला आईचं नाव स्क्रीनवर दिसलं, तेव्हा मनालीनं पहिल्या रिंगलाच फोन उचलला.

"काल तू काय दाखवलंस गं सगळ्यांना?" कौसल्या दबक्या आवाजात बोलत होती. मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता.

"म्हणजे?"

"सरूला गेटवरनं परत पाठवलं. माझ्या हजेरीच्या यादीतलं नावच काटलं तिचं. केसरीनाथशेठ म्हणतात, हिची कंबर गेलीय, हिला मी आत घेणार नाही. त्यांना कुणी सांगितलं? तुझ्या त्या व्हिडिओनं सांगितलं."

फोन बंद झाला.

मनाली पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. नृत्यातल्या एम.ए.चं तिचं शेवटचं सत्र. परीक्षेत लेखी पेपर नव्हता. स्वतः बसवलेला अर्ध्या तासाचा प्रयोग, त्याला जोडून शोधप्रबंध, आणि मग परीक्षकांची प्रश्नोत्तरं. परीक्षक पुढच्या मंगळवारी येणार होते. समोर प्रबंधाचं दुसरं प्रकरण उघडं होतं. मथळा होता : 'श्रमात टिकून राहिलेला ठेका'. ते सगळं प्रकरण सरूवर होतं.

विषय तिला आईमुळेच सुचला होता. कौसल्या अठरा वर्षं त्या गोडाऊनमध्ये होती. आता चाळीस बायकांच्या टोळीची मुकादम होती. कुणी कुठली गाडी खाली करायची, कुणी माल सरकवणाऱ्या पट्ट्यावर उभं राहायचं, ते तीच ठरवायची. मनालीनं विद्यापीठात विषय मांडला : खोकी उचलणाऱ्या, फिरवणाऱ्या, रचणाऱ्या बायकांच्या हालचालींतून नृत्यरचना. मार्गदर्शक पूर्वी मॅडमना तो फार आवडला. गोडाऊनमध्ये बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, पण कौसल्येनं शब्द टाकला आणि केसरीनाथ पाटलांनी परवानगी दिली. माल एका मोठ्या कंपनीचा, पण जागा त्यांच्या मालकीची, मजूर पुरवायचं कामही त्यांचंच.

चार महिने मनाली तिथे जात होती. एका कोपऱ्यात उभी राहून वहीत रेघांची माणसं काढायची. बाकीच्या बायका खोकं उचलताना सरळ कमरेतून वाकायच्या आणि तशाच वळायच्या. सरूचं मात्र वेगळं होतं. ती डोंगराकडच्या वारली पाड्यावरून यायची, असेल पस्तिशीची. खोक्यापाशी आली की डावा पाय मागे टाकायची, गुडघ्यात दबायची, खोकं उजव्या मांडीवर टेकवायची, एक श्वास थांबायची, मग दोन बारीक पावलांत गोल वळायची. मनाली बघतच राहिली होती.

"सरूताई, तू तारपा नाचतेस का गं?" तिनं एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं होतं.

"नाचायची. पोर व्हती तवा," सरू हसून म्हणाली होती.

मनालीला तेवढं पुरलं. तारप्याच्या नाचात कमरेला हात घालून बायका जशा दबत्या पायांनी फिरतात, तोच दाब या वळण्यात आहे, असं तिनं लिहिलं. सरूनं चित्रीकरणाच्या कागदावर अंगठा दिला. कागदावर लिहिलं होतं, चेहरा झाकला जाईल.

चेहरा झाकला होता. परीक्षेचा प्रयोग गोडाऊनच्याच एका रिकाम्या गाळ्यात व्हायचा होता. रविवारी तिथे रंगतालीम झाली, तेव्हा पांढऱ्या भिंतीवर तीन माणसांच्या उंचीची सरू मंदगतीत हलत होती. चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर गोळा. पुढे मनाली तीच हालचाल रिकाम्या हातांनी करत होती. पूर्वी मॅडम खुर्चीच्या टोकाला सरकून बघत होत्या. टोळीतल्या पाच-सहा बायका तोंडाला पदर लावून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, कारण ती कोण हे पहिल्या वळणातच सगळ्यांना कळलं होतं. केसरीनाथ पाटील शेवटी उभे होते. ते एकदाच म्हणाले, "पुन्हा लाव गो जरा, तो पाय टाकते तिथून." मनालीनं हौसेनं लावलं होतं.

ते आठवून तिनं लॅपटॉप मिटला आणि ती उठली.

तासाभरात ती वडप्याला पोचली. केसरीनाथ केबिनमध्ये होते. त्यांनी बसायला सांगितलं, चहाही सांगितला.

"काका, सरूताईला का काढलंत?"

"काढली नाय. घेतली नाय. रोजंदारीवर आहे ती."

"पण ती काम करतेय की. एक दिवस खाडा नाही तिचा."

"तूच हळू करून दाखवलंस ना गो मला?" ते शांतपणे म्हणाले. "रोज चाळीस बायका येतात, कोण कशी उचलते कोण बघतो? तू भिंतीएवढी करून दाखवलीस. डाव्या अंगावर भारच घेत नाय ती. मांडीवर टेकवते, मग दम धरते. अशीच दुसरी एक बाई दोन वर्षांमागं इथंच माल घेऊन पडली. पोलीस आले, कंपनीची माणसं आली. कुणाला धरलं? मला. पुन्हा नको."

"तो तारप्याचा ठेका आहे, काका. मी त्यावर अभ्यास..."

"ती कंबर आहे," केसरीनाथ म्हणाले. "आणि तो गाळा पुढच्या मंगळवारी मिळणार नाय तुला. माल येतोय."

दुपारी चारला शिफ्ट सुटली. कौसल्या गेटबाहेर आली ती मनालीकडे न बघता रिक्षात बसली. "पाड्यावर चल," एवढंच म्हणाली. रस्ता संपल्यावर चालायला लागल्या, तेव्हा मनालीनं विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

"तिला हलकी खोकी कोण देत होतं? मोठी गाडी आली की तिला पट्ट्यावर कोण पाठवत होतं?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू लिहीत होतीस. मला वाटलं, तुझ्या नाचाचं काहीतरी आहे, आपल्याला काय कळतंय. काल भिंतीवर बघितलं आणि कळलं, आता हे शेठलाही दिसतंय. तेव्हाच उठून बंद करायला पाहिजे होतं मी." कौसल्या थांबली. "तुला मी माझ्या नावावर आत घेतलं होतं, मनाली."

सरू अंगणात बसली होती. नवरा जान्या कुडाच्या भिंतीला टेकून उभा होता. तो रोजानं शेतात जायचा, आज गेला नव्हता. त्यानं कौसल्येला पाणी दिलं. मनालीला दिलं नाही.

"हिनंच काडली ना फिल्लम?" त्यानं कौसल्येला विचारलं.

"मीच काढली, दादा," मनाली म्हणाली. "माझी चूक झाली. मला खरंच वाटलं की तो नाच आहे."

सरूनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मनालीला जास्त लागलं.

"ईटभट्टीवर पडलू मी, दोन वरसं झाली," सरू म्हणाली. "पाटीसकट. तवापासून कंबर डाव्या अंगाला धरते. गोडाऊनात लागलू तवा पयल्या दिवशी मेलू असा वाटला. मंग घरी रातच्याला पान्याचा हंडा घिऊन शिकलू. असा पाय टाकला तर दुखत न्हाय, तसा टाकला तर दुखतं. तीन म्हयने लागलं. कुनाला कळला न्हाय." ती थांबली. "तो नाचायचा न्हवता, बाय. तो लपवायचा व्हता."

सरूनं बसल्या बसल्या डावा पाय लांब केला.

"तू मना तारप्याचा इचारलास," सरू म्हणाली. "दुखतंय का, असा कदी इचारला न्हाय."

"सांगितलं असतंस?"

"न्हाय सांगितला. पन तू इचारला न्हाय."

जान्या पुढे आला. "ती फिल्लम आता कुनाला दाखवायची न्हाय. परीक्षेला न्हाय, मास्तरांना न्हाय. दुसऱ्या गोडाऊनवाल्यानं बघितली तर काल्हेरच्या गोडाऊनातबी कुनी घेनार न्हाय हिला."

"नाही दाखवणार," मनाली म्हणाली. बोलून झाल्यावर तिला समजलं की आपण काय बोललो. व्हिडिओ गेला की प्रयोगाचा अर्धा भाग गेला, आणि त्याच्यामागून प्रबंधाचं दुसरं प्रकरण.

संध्याकाळी पूर्वी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाईट झालं. पण मनाली, तुझ्याकडे संमतीचा कागद आहे. चेहरा झाकलेला आहे. नियमात कुठेही चूक नाही. आठ दिवसांवर परीक्षा असताना गाभाच काढून टाकलास तर मी तुला वाचवू शकणार नाही. बाहेरचे परीक्षक कडक आहेत."

"मॅडम, चेहरा झाकला म्हणजे ती झाकली गेली असं आपण धरलं. सगळ्यांनी तिला पायावरून ओळखलं. आपण नाचवाले, आपल्यालाच हे कळायला नको?"

"वर्ष जाईल तुझं," मॅडम शेवटी म्हणाल्या. "विचार कर."

तिनं केला नाही. जेवणाआधीच लॅपटॉपवरून, ड्राईव्हवरून, फोनवरून सगळं चित्रीकरण पुसलं, आणि ते करताना आईला शेजारी बसवलं. कौसल्या बघत होती. संपल्यावर ती म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर ये. लांब उभी राहा. मध्ये बोलू नकोस."

मंगळवारी आठला हजेरी सुरू झाली. मुकादम म्हणून यादी कौसल्येच्या हातात असायची. तिनं पहिलं नाव घेतलं, "सरू जान्या." कौसल्येच्या निरोपावरून सरू गेटपाशी आली होती. वॉचमननं तिच्यासमोर काठी आडवी धरली.

"इसका नाम कटा है, कौसल्याबाई. आगे का बोलो."

"पुढचं नाव सरूचं झाल्यावर घेईन," कौसल्या म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही. पहिल्या रांगेतल्या दोघी आत जायला निघाल्या होत्या, त्या थबकल्या. मग एक बाई डबा खाली ठेवून कट्ट्यावर बसली. तिच्या मागोमाग दुसरी. चाळीस बायकांतल्या तीसेक तरी बसल्या. उरलेल्या घुटमळत उभ्या राहिल्या, आत मात्र कुणी गेलं नाही.

नाशिककडून आलेले तीन ट्रक दाराला पाठ लावून उभे होते. थोड्या वेळानं मागे चौथा आला, आणि त्याचं शेपूट सर्व्हिस रोडवर राहिलं. गाड्या हॉर्न मारायला लागल्या. एक ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागला, "अरे कोई खाली करेगा कि नहीं? दोपहर तक मुझे लौटना है!"

मनाली रस्त्यापलीकडे पानटपरीपाशी उभी होती. चार महिने ती याच बायकांच्या हालचाली बघत होती, आणि आज त्या बायका हलत नव्हत्या. सवयीनं तिचा हात बॅगेतल्या फोनकडे गेला. तिनं तो परत बाहेर काढला, रिकामा.

नऊच्या सुमाराला केसरीनाथांची गाडी आली. ते उतरले, ट्रक बघितले, बायका बघितल्या.

"कौसल्याबाई, हे काय चाललंय?"

"सरूला खोक्यांना लेबल चिकटवायला घ्या, शेठ. बसायचं काम आहे. उचलायचं नाही, वाकायचं नाही. दोन जागा रिकाम्या आहेत, मला माहीत आहे."

"लेबलला वाचता येणाऱ्या बायका लागतात."

"आकडे वाचते ती. मी शिकवीन उरलेलं."

"आणि नाय घेतली तर?"

कौसल्या यादीचा पुठ्ठा छातीशी धरून म्हणाली, "तर आम्ही इथेच."

"अठरा वर्षं झाली तुला. तुझ्या पोरीला मी दार उघडून दिलं. त्याची ही फेड?" केसरीनाथ वळले. त्यांना मनाली दिसली. ते रस्ता ओलांडून थेट तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "हे पण तुझ्या नाचात घालणार ना? काढतेस ना शूटिंग? दाखव फोन!"

मनालीनं बॅग उघडून फोन त्यांच्या हातात दिला. "बंद आहे, काका. आधीचं सगळं कालच पुसलंय. बघा हवं तर."

त्यांनी फोन उलटासुलटा केला आणि परत दिला. मागे पाचवा ट्रक येऊन थांबला होता. कंपनीच्या माणसाचा फोन त्यांच्या खिशात वाजत होता. त्यांनी नाव बघितलं, फोन घेतला नाही. पुन्हा वाजला. ते तसेच गेटपाशी परत गेले.

"लेबलवर. एक महिना. त्यात कंबर धरून बसलेली दिसली तर मी कुणाचं ऐकणार नाय."

बायका उठायला लागल्या. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि कौसल्याबाई, ती यादी इकडे द्या. आजपासून मुकादम दुसरी. तुम्ही टोळीत."

कौसल्येनं यादीचा पुठ्ठा त्यांच्या हातात दिला, पेन पुठ्ठ्याला अडकवलं आणि बायकांच्या मागून आत गेली. त्या दिवशी तिनं अकरा वर्षांनंतर पहिल्यांदा गाडी खाली केली. घरी आल्यावर ती मनालीशी काही बोलली नाही. पाठीला बाम चोळायला मात्र तिला बोलावलं. मनालीनं चोळला. आईच्या पाठीवरच्या गाठी हातांना लागत होत्या. ती रडत होती हे आईला कळू नये म्हणून ती मागेच बसून राहिली.

उरले सात दिवस. गाळा नव्हता, व्हिडिओ नव्हता. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीनं खालचा हॉल दिला. मनालीनं सरूची हालचाल अंगातून काढून टाकायची ठरवली, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. चार महिने घोटलेला पाय आपोआप मागे जायचा. ती थांबायची, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिनं भंगारातून साठ खोकी आणली आणि त्यांत रद्दी भरली. सगळी हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची, स्वतःच्या कमरेनं, आपली कंबर जशी वळेल तशी. संगीत नाही. जिथे जमणार नाही तिथे जमणार नाही. प्रबंधात दुसऱ्या प्रकरणाऐवजी तिनं चार पानं घातली. त्यांत तिचं अनुमान कसं चुकलं आणि चित्रीकरण का पुसलं ते लिहिलं. बाईचं नाव, पाडा, दुखणं, काहीच नाही.

मंगळवारी पाचला हॉलमध्ये परीक्षक आले. दोघे होते, पैकी बाहेरून आलेल्या बाई पांढऱ्या केसांच्या, करारी. शेजारी पूर्वी मॅडम. मागच्या खुर्च्यांवर वस्तीतली माणसं, आणि शिफ्ट सुटल्यावर कौसल्येबरोबर आलेल्या टोळीतल्या काही बायका. त्यांत सरूही होती. मनालीला ती दिसली आणि हातात घेतलेलं खोकं तिनं पुन्हा खाली ठेवलं. तिला वाटलं नव्हतं ती येईल.

प्रयोग सुरू झाला. पहिल्या वीस खोक्यांपर्यंत बरं चाललं होतं. तिसाव्यापाशी मनगटं भरून आली. चाळिसाव्याला तिचा तोल गेला, खोकं सुटलं, रद्दी फरशीवर पसरली. कुणीतरी पुढे यायला उठलं. तिनं मान हलवली, रद्दी गोळा केली, पुन्हा उचललं. शेवटची दहा तिनं कशी नेली ते तिचं तिलाच आठवत नव्हतं.

प्रश्न सुरू झाले. बाहेरच्या परीक्षक बाईंनी प्रबंध मिटवून मांडीवर ठेवला.

"मागच्या महिन्यात तुम्ही आम्हाला जो आराखडा पाठवला, त्यात तारपा आणि गोदामातलं काम यांचा संबंध होता. आज तो कुठेच नाही. का?"

"तो चुकीचा होता, मॅडम. मी दुखण्याला नाच समजले. आणि ते दाखवल्यामुळे एका बाईचं काम गेलं."

"म्हणजे तुमच्याकडे निष्कर्ष नाही."

"एक आहे. चेहरा झाकून माणूस झाकला जात नाही. हालचाल हीच ओळख असते. मी ती परवानगी नीट घेतलीच नव्हती."

"आणि आत्ता जे पाहिलं, त्यात नृत्य नेमकं कुठे होतं?"

मनालीला अजून धाप लागत होती. "मला खात्रीनं सांगता येणार नाही," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "हे सगळं तुमच्या शब्दावर आम्ही मानायचं? पुरावा तुम्ही स्वतः पुसलात. निदान त्या बाईंशी आम्हाला बोलता येईल का? त्या इथे आहेत?"

मनालीनं मागे पाहिलं नाही. मागे बघितलं असतं तर डोळे कुठे थांबले असते ते तिला माहीत होतं. समोरच्या बाईंच्या हातातल्या चष्म्यावर तिनं नजर धरून ठेवली.

"नाही बोलता येणार, मॅडम."

"हे तुमच्या गुणांना मारक ठरेल, समजतंय ना?"

"हो."

परीक्षक उठून बाजूच्या खोलीत गेले. वीस मिनिटं लागली. पूर्वी मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी मनालीला खांद्याला धरून बाजूला घेतलं. नापास नव्हतं आणि पासही नव्हतं. प्रबंध सहा महिन्यांत नव्यानं लिहायचा होता, प्रयोग पुन्हा दाखवायचा होता. "पण त्या चार पानांपासून सुरू कर, असं म्हणाल्यात बाहेरच्या बाई," मॅडम म्हणाल्या. "तेवढं त्यांनी दोनदा सांगितलं."

बाहेर अंगणात बायका चपला शोधत होत्या. कौसल्या कुणाशी तरी बोलत होती. ती लेकीकडे वळून म्हणाली, "घरी चल आता. उभीसुद्धा राहवत नाहीये तुला." त्या आवाजात आठवड्याभराची अढी नव्हती.

सरू पायरीवर बसून राहिली होती. मनाली तिच्याजवळ गेली.

"मी आलू म्हनून भ्यालीस ना तू?" सरूनं विचारलं.

"हो."

"मना बघायचा व्हता, तू काय सांगतेस त्ये." तिनं गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "शुक्रवारी सुट्टी हाय माजी. सरकारी दवाखान्यात कंबर दाखवायची म्हनते. जान्या न्हाय येत, त्याला भ्या वाटतं. फोटू काडतील, कागद देतील, मना त्ये समजनार न्हाय. तू येशील?"

"येईन. किती वाजता?"

"सकाळीच. लई मोठी लाईन असते."

मनालीनं हात पुढे केला. सरूनं तो धरला, डाव्या बाजूनं जरा कण्हली, आणि या वेळी ते लपवलं नाही.